विषय: उत्तर: पनामा – कालवा नक्की किती वाजता बघायचा?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात मंडळातली तीन कुटुंबं पनामा सिटीला निघाली आहेत. कालव्यासाठी दुपारी 12 ते 3 वेळ ठेवलाय, शहराजवळच्या मिराफ्लोरेस लॉकला (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली करणारा दरवाजेबंद हौद). पुरेल ना? शिवाय दोन कुटुंबं पक्की शाकाहारी आहेत.
– सहल समिती

—

समितीस,
वेळ पुरेल, पण तेव्हा जहाज दिसेलच असं नाही. कालव्याच्या अरुंद भागात, कुलेब्राच्या खिंडीत, मोठी जहाजं समोरासमोर नेत नाहीत. त्यामुळे सकाळी पॅसिफिककडून निघालेली मिराफ्लोरेसमधून वर चढतात आणि अटलांटिककडून आलेली गाटुन तलाव ओलांडून दुपारी उशिरा इथे उतरतात. मधे नुसतं पाणी बघत बसाल. एकतर सकाळी उघडल्या उघडल्या गॅलरीत उभे राहा, नाहीतर तीननंतर जा. त्या दिवसाचं वेळापत्रक आधी तपासून घ्या.

बघताना जहाजाच्या कडेला नजर ठेवा. जुन्या लॉकची रुंदी 33.5 मीटर, जहाज 32.3 मीटरपर्यंत; म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम दोन फूट. भिंतीवरून धावणारी ‘मुला’ इंजिनं जहाज ओढत नाहीत. जहाज स्वतःच्या इंजिनावर चालतं, ती फक्त तारा ताणून त्याला मधोमध धरतात. पाणी भरायला पंप नाही. तलाव समुद्रापेक्षा 26 मीटर उंच, झडप उघडली की पाणी आपोआप येतं, साधारण 8 मिनिटांत. एका जहाजामागे सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. म्हणूनच 2023च्या दुष्काळात रोजची जहाजं 36वरून 22वर आणावी लागली.
– जहाजवाले काका

—

काका, वेळेचं अगदी बरोबर. पण मुलांना महाकाय जहाजं बघायची असतील तर मिराफ्लोरेस नको. 2016पासून ती नव्या, 55 मीटर रुंदीच्या लॉकमधून जातात आणि मिराफ्लोरेसहून फक्त लांबून दिसतात. कोलोनजवळ आग्वा क्लाराला जा, गाडीने सव्वा-दीड तास. तिथे ‘मुला’ नाहीत. पुढेमागे टग (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी) असतात आणि दरवाजे बाजूला सरकतात.

शहरात कास्को व्हिएहो (जुनं शहर) सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करा. दुपारी दमट उकाड्यात मुलं कुरकुरणार. पॅसिफिकची भरती-ओहोटी पाच मीटरच्या वर जाते, त्यामुळे सिंता कोस्तेरा या किनाऱ्यावरच्या रस्त्याला ओहोटीत समुद्राऐवजी चिखल दिसतो. फोटोसाठी भरतीची वेळ बघून जा. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारचा पाऊस धरून चाला.

पैसे डॉलरच, 20पर्यंतच्या नोटा ठेवा. 50-100ची नोट पुष्कळ ठिकाणी नाकारतात. बाल्बोआची (पनामाच्या चलनाची) नाणी तिथेच संपवा, अमेरिकेत कोणी घेणार नाही. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवा.

शाकाहारींनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही. कोंबडीचा रस्सा आणि हॅम यांना तिथे पुष्कळजण मांस समजत नाहीत, म्हणून ‘सिन पोयो, सिन हामोन, सिन काल्दो’ (कोंबडी नको, हॅम नको, रस्सा नको) असं एकेक सांगा. पातकोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे दाबून तळलेले काप, सगळीकडे मिळतात. तळणीत आधी मासे तळलेत का ते विचारा. कारिमान्योला हा तळलेला पदार्थ दिसायला कटलेटसारखा, पण आत बहुधा खिमा असतो. ‘अर्रोस कोन ग्वांदू’ मात्र जरूर मागा: नारळाच्या दुधातला भात आणि ओल्या तुरीचे दाणे. त्यातही हॅम घालतात का, ते विचारूनच.
– एक सभासद