शाळेच्या वेळेत मुलांचा दमा : तुमचे अनुभव सांगा

माझी मुलगी दुसरीत आहे, दमा तिसऱ्या वर्षापासून. घरी आम्ही नीट सांभाळतो पण दिवसाचे सहा-सात तास ती शाळेत असते आणि तिथे काय चालतं हे मला गेल्या वर्षी कळलं. मधल्या सुट्टीनंतर तिला खोकल्याची उबळ आली, बाईंनी पाणी दिलं, बाकावर डोकं ठेवून जरा पड म्हणाल्या. पंप (इनहेलर) शाळेत होता, मीच नाव घालून दिलेला, पण तो ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्यांच्याकडे त्या नेमक्या त्या दिवशी रजेवर. मला फोन आला तेव्हा मी वीस मिनिटांच्या अंतरावर होते. दुसरा पंप घेऊन पोचले तर ती पुढे वाकून बसलेली, खांदे वरखाली होतायत, गळ्याजवळची कातडी आत ओढली जातेय, आणि "आई" एवढंच बोलू शकली, पुढचं वाक्य नाहीच. निळा पंप, म्हणजे लगेच आराम देणारा, स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) दिल्यावर काही मिनिटांत श्वास सुटा झाला पण ती वीस मिनिटं मी अजून विसरले नाहीये.

बाईंवर माझा राग नाही, त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. दम लागलेल्या मुलाला आडवं करायचं नसतं, सरळ बसवायचं असतं, हे तरी मला कुठे आधी माहीत होतं! आता पंप आणि स्पेसर वर्गातल्या टेबलाच्या खणात असतो, कुलूप नाही, आणि आणखी एक जोडी तिच्या दप्तरात. त्रास झाला तर काय करायचं याचा एका पानाचा प्लॅन डॉक्टरांनी लिहून दिलाय तो खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. तुम्ही लोकांनी शाळेशी कसं जमवलं, काय चुकलं, काय उपयोगी पडलं ते लिहा ना, मला खरंच हवंय.

*

ताई, वाचताना अंगावर काटा आला. आमची गोष्ट वेगळी. मुलगा नऊ वर्षांचा, अॅटॅक वगैरे फार नाही पण रात्री खोकला, सकाळी थकलेला, आणि महिन्यात तीन-चार दिवस शाळा बुडायचीच. डॉक्टर दर वेळी विचारायचे प्रिव्हेंटर (त्रास होऊ नये म्हणून रोज घ्यायचा पंप) रोज देताय ना, आम्ही हो म्हणायचो. खरं सांगायचं तर देत नव्हतो. सकाळी दोघांनाही कामावर पळायचं, व्हॅन दारात हॉर्न वाजवतेय, आणि मूल बरं दिसतंय तर राहिलं आज, असं करत करत आठवड्यातले चार दिवस राहायचं. निळ्या पंपाने लगेच बरं वाटतं म्हणून त्याच्यावरच भिस्त. पण तो नुसता आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतो, आतली सूज कमी करतो तो स्टिरॉइडचा प्रिव्हेंटर, आणि त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात, तोही रोज घेतला तरच.

मग शाळेतल्या नर्स मॅडमनीच सुचवलं की सकाळचा डोस इथे येऊन घेऊ दे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आम्ही सही केली. आता प्रार्थनेआधी दोन मिनिटं तो त्यांच्या खोलीत जातो, पफ घेतो, चूळ भरतो (ती भरायचीच, नाहीतर तोंडात पांढरा बुरशीचा थर येऊ शकतो), त्या वहीत टिक करतात. सुट्टीच्या दिवशी आम्ही देतो. नंतर वाचलं की अमेरिकेत रॉचेस्टरमध्ये याच पद्धतीचे अभ्यास झालेत, शाळेत नर्सच्या देखरेखीखाली प्रिव्हेंटर दिला तेव्हा मुलांचे त्रास नसलेले दिवस वाढले. आमच्याकडे दोन महिन्यांत रात्रीचा खोकला थांबला. बायको म्हणते आपल्याला हे घरी जमायला हवं होतं. हवं होतं, पण जमत नव्हतं, आणि मुलाला औषध मिळणं जास्त महत्त्वाचं.

*

मी पीटीचा शिक्षक आहे, १४ वर्षं झाली. पालकांना एक विनंती, दमा आहे म्हणून खेळातून कायमची सूट मागू नका. माझ्याकडे एक मुलगी होती, तिला तीन वर्षं कडेला बसवलेलं, चिठ्ठीच तशी होती. ती धावपट्टीकडे ज्या नजरेने बघायची ते बघवत नव्हतं. शेवटी तिच्या आईशी बोललो, त्या डॉक्टरांशी बोलल्या, आणि ठरलं की खेळायच्या १०-१५ मिनिटं आधी निळा पंप, मग सावकाश वॉर्मअप, एकदम जोरात धावायचं नाही, आणि हवा फार थंड, कोरडी किंवा धुळीची असेल त्या दिवशी आत हॉलमध्ये. पंप माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, वर्गात नाही! मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मूल धापा टाकतंय आणि पंप दुसऱ्या मजल्यावर, असं माझ्या डोळ्यांसमोर एकदा झालंय. ती मुलगी पुढच्या वर्षी रिले धावली.

आणि हो, रोज पंप घेऊनच खेळावं लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे परत जा. काही मुलं खेळताना नाही, खेळ संपल्यावर खोकायला लागतात, ते दमणं समजून सोडून देऊ नका.

*

मी आता २६ वर्षांची आहे, शाळेत दमा होता, अजून आहे. मुलांच्या बाजूने लिहिते. आठवीत मी पंप बाथरूममध्ये लपून घ्यायचे, स्पेसर तर न्यायचेच नाही, तो मोठा फुगा दप्तरातून काढला की वर्ग हसायचा. एका मुलाने माझा पंप घेऊन हवेत फवारला होता, सगळ्यांना मजा वाटली, मला घरी येऊन रडू आलं. मी आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती शाळेत आली असती आणि अजून हसले असते असं तेव्हा वाटायचं.

बदललं ते नववीत, विज्ञानाच्या बाईंमुळे. त्यांनी माझं नाव न घेता श्वसनसंस्थेच्या तासाला बारीक स्ट्रॉ वाटल्या आणि सगळ्यांना जिने चढून आल्यावर त्यातून श्वास घ्यायला लावला (कोणाला गरगरलं तर लगेच काढा हे बजावून). अर्ध्या मिनिटात वर्ग शांत. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा विचारायला आला की तुला त्रास झाला तर मी काय करू. म्हणून म्हणते, नुसत्या शिक्षकांना शिकवून भागत नाही, शेजारी बसणाऱ्या मुलालाही माहीत असू दे. पहिल्यांदा तोच बघतो.

*

शाळेत नर्स आहे, थोडं कामाचं लिहिते.

पालक पंप देतात, पण १० पैकी बऱ्याच मुलांना तो घेता येत नाही, औषध जिभेवर आणि घशात बसतं. म्हणून मोठ्या मुलांनाही स्पेसर. आधी पंप हलवायचा, एका वेळी एकच पफ, मग स्पेसरमधून चार-पाच शांत श्वास, मग पुढचा. चार पफ एकदम मारून एकदाच ओढायचं नाही. फार लहान मुलांना स्पेसरला मास्क लावायचा, गालाला घट्ट. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळू द्या, कपड्याने घासून पुसलं की आतून स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतींना चिकटतं.

अॅटॅकमध्ये किती पफ ते मुलाच्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असावं. ऑस्ट्रेलियात शिकवतात ते लक्षात राहायला सोपं आहे : ४ पफ एकेक करून, प्रत्येकामागे ४ श्वास, ४ मिनिटं थांबा, फरक नाही तर पुन्हा ४. तरी फरक नाही तर अँब्युलन्स, आणि ती येईपर्यंत हे चालू ठेवायचं. ओठ निळसर, वाक्य पुरं होत नाही, मूल गळून गेलंय, यात आधी अँब्युलन्स, पालकांना फोन नंतर. आणि घरघर अचानक थांबली पण मूल बरं दिसत नाही तर ते सुधारणं नव्हे, हवाच आतबाहेर जात नाहीये.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१४ पासून शाळांना प्रिस्क्रिप्शनशिवाय इमर्जन्सीसाठी निळे पंप ठेवता येतात, ज्या मुलाचा स्वतःचा रिकामा निघाला किंवा घरी राहिला त्याच्यासाठी. असं सगळीकडे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पंप रिकामा आहे का हे हलवून किंवा पाण्यात तरंगवून कळत नाही बरं का, आतला गॅस औषध संपल्यावरही फुस्स करतो. उरलेले पफ दाखवणारा काउंटर असलेला घ्या, नसेल तर पफ मोजून लिहून ठेवा.

*

आमचं लेकरू शाळा सुरू झाली की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हमखास आजारी. आधी शाळेच्या धुळीला दोष देत होतो, डॉक्टर म्हणाले मोठ्या सुट्टीनंतर मुलं एकत्र आली की सर्दीचे व्हायरस फिरतात आणि त्यात सुट्टीत प्रिव्हेंटर सुटलेला असतो. यंदा सुट्टीत एकही दिवस चुकवला नाही आणि पहिला महिना निभावला. खडूची धूळ कमी व्हावी म्हणून त्याला फळ्यापासून लांब बसवलंय आणि डस्टर खिडकीबाहेर झटकायचं ठरलंय. सहलीचं मात्र काय करावं कळत नाही, बरोबर जाणारे शिक्षक वेगळेच असतात.

*

सगळ्यांचे खूप आभार, नर्स मॅडमचं तर प्रिंट काढून ठेवते. सहलीचं माझ्याकडे असं ठरलंय की पंप, स्पेसर आणि प्लॅनची कॉपी पारदर्शक पिशवीत, आणि ती पिशवी मुलगी ज्या गटात आहे त्या गटाच्या शिक्षकांच्या हातात, सामानाच्या डिकीत नाही. आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन त्यांच्याकडून एकदा करून घेते, पाच मिनिटं लागतात, आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

पफ मोजायचं वाचून आत्ता उठून दप्तरातला पंप बघितला. काउंटरवर ११ उरलेत. खणातला किती आहे ते सकाळी बघते, दोन्ही बदलूनच येते.