करडी खा अन् स्टॅटिन फेका म्हणे!

बीडचा पुतण्या: काल इथं करडीवाल्यानं लिहिलं, 'स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी यकृतातलं एचएमजी-सीओए रिडक्टेज, म्हणजे कोलेस्टेरॉल बनवायला लागणारं विकर, बंद पाडते, म्हणजे शरीराशी खेळ. गोळी फेका, घाण्याचं करडी तेल खा.' वाचून डोकं फिरलं. माझ्या चुलत्यानं स्टेंटनंतर असंच वाचून गोळी सोडली, घरात कुणाला पत्ता नाही. दुसरा अटॅक आला तवा गादीखाली न फोडलेली पाकिटं सापडली. अहो, रिडक्टेज अडवलं की यकृताच्या पेशी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पकडणारे रिसेप्टर वाढवतात अन् रक्तातलं एलडीएल ओढून घेतात. १९९४ च्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात ४,४४४ हृदयरोगी होते. सिम्व्हास्टॅटिन ही स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी!

करडीवाला, परभणी: अभ्यास तुमच्यापाशी ठेवा. माझ्या मायला गोळीनं पिंडऱ्या इतक्या दुखायल्या की ओटा चढंना. स्नायू विरघळून माणसं मेली म्हणून २००१ ला सेरिवास्टॅटिन नावाची स्टॅटिन बाजारातून काढली, ते का सांगत नाही?

जालनेकर: सेरिवास्टॅटिनचं खरंय. पण त्रासामुळं स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी अन् औषध नसलेली गोळी दिली, तर नव्वद टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनंही झाला. २०२० चं आहे. मायची सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी, केली का?

लातूरची सून: करडीचं नाव काढलंच तर ऐका. सोयाबीन निघालं की सगळे करडी सोडून हरभरा पेरतात. करडीच्या काढणीला हाताला फडकी गुंडाळली तरी काटे रुततात, मजूर येईनात. 'परभणी कुसुम' वाण आहे, पण भाव कुठंय? आमच्या गावचा घाणा बंद पडला त्याचं कुणाला काही नाही!

जालनेकर: ताई, तेलाचंही ऐका. सिडनीत हृदयरोग्यांना करडीचं तेल दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू मात्र वाढले. जुने आकडे २०१३ ला पुन्हा तपासले तवा उघड झालं.

करडीवाला, परभणी: म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवून माणूस वाचत नाही, हेच मी म्हणायलो!

बीडचा पुतण्या: कशानं उतरवलं ते बघा की! स्टॅटिननं माणसं वाचली, तेलानं नाही. टॉरसेट्रापिब या दुसऱ्या औषधानं तर चांगलं कोलेस्टेरॉल वाढवूनही मृत्यू वाढले, २००६ ला चाचणी थांबवली. दर औषधाचा हिशेब येगळा. तुमच्या एका पोस्टवर कुणाचा बाप गोळी सोडंल, त्याची जबाबदारी घेता?

करडीवाला, परभणी: आवाज चढवू नका. 'गोळी फेका' हे काढतो, 'डॉक्टरला इचारा' लिहितो. मायची सीपीके करून घेतो. तेल मात्र घाण्याचंच खाणार.

लातूरची सून: घाणा कुठंय ते तरी सांगा, आम्ही डबा घेऊन येतो.