मदत हवी आहे: निष्कलंक गर्भसंभव मुलांना कसा समजावू?

धर्मशिक्षणाच्या वर्गात निष्कलंक गर्भसंभव म्हटलं की मुलं येशूच्या कुमारीपोटी जन्माबद्दल बोलू लागतात. पण हा विषय येशूची आई मरिया स्वतः तिच्या आईच्या गर्भात आली त्याचा, तिथल्या पहिल्या क्षणापासूनच्या आदिपापमुक्तीचा (आदिपाप म्हणजे आदाम-हव्वेपासून प्रत्येक माणसाला जन्मतः लागलेलं पाप). ८ डिसेंबर हा तिच्या गर्भसंभवाचा सण आणि ८ सप्टेंबर हा तिच्या जन्माचा, हे नऊ महिने दाखवले की पटतं. अडतं पुढे. मग मरियेला तारणाऱ्याची गरजच नव्हती का? १८५४ मध्ये पोप नववे पायस यांनी ही शिकवण जाहीर केली, त्या घोषणेत 'ख्रिस्ताच्या पुण्याईमुळे' असं स्पष्ट आहे. खड्ड्यात पडलेल्याला काढणं आणि पडण्याआधीच सावरणं, दोन्ही तारणच, हा दृष्टान्त देते. पण ख्रिस्ताच्या मरणाआधीच त्याची पुण्याई तिला कशी लाभली? मुलांचा हा प्रश्न खरा आहे, उडवून लावायचा नाहीये. तुम्ही शिकवताना सोप्या शब्दांत कसं मांडता?