मदत हवी आहे: सी ड्राइव्ह भरलाय, टेम्पररी फाइल्स काढताना काय जपू?

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात घरचा कॉम्प्युटर विंडोज ११ वर अपग्रेड केला आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. जेमतेम ३ जीबी उरलेत. बाबांना पेन्शनचा कागद स्कॅन करून सेव्ह करता येईना.

काल विंडोजच्या ‘रन’ चौकटीतून टेम्पररी फाइल्सचा ‘टेम्प’ फोल्डर उघडून सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. दहा-बारा फाइल्स ‘वापरात आहेत’ असं आलं, त्या स्किप केल्या. चालू प्रोग्रॅमच्या फाइल्स विंडोज काढू देत नाही, एवढं माहीत आहे. रीस्टार्ट करून पुन्हा एकदा काढल्या तर चालेल ना?

खरी भीती पुढेच आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स या यादीत ‘डाउनलोड्स’सुद्धा दिसतं! बाबांचे हयातीचे दाखले, लाइट बिलाच्या पावत्या, सगळं तिथेच आहे. गेल्या वर्षी एका दुकानात मशीन साफ करून घेतलं, तेव्हा हाच फोल्डर रिकामा होऊन आला. आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट गेले ते गेलेच. म्हणून या वेळी आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलंय.

आता अडलंय ते ‘आधीचं विंडोज’ या १८ जीबीच्या नोंदीपाशी. ती काढली की विंडोज १० वर परतता येत नाही. प्रिंटर-स्कॅनर नीट चालतायत, मग काढू का? की १० दिवसांनी ती आपोआप जाईपर्यंत थांबू? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा. बाबांचा फॉर्म या आठवड्यात जायलाच हवा.