जुन्या डाक बंगल्यातली एक रात्र : तुमचा अनुभव लिहा

मागच्या पावसाळ्यात भंडारदऱ्याच्या एका जुन्या दगडी बंगल्यात दोन रात्री राहिलो. खाली १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण, समोर आर्थर लेकचं पाणी आणि धुकं असं की अंगणातलं जांभळाचं झाड दिसेना. रात्री जेवण वाढता वाढता तिथल्या खानसामाने कोपऱ्यातल्या खोलीतल्या साहेबाची गोष्ट सांगितली. गोष्ट नेहमीचीच, साहेब, घोडा, दरी, अमावस्या. पण सांगताना त्यांनी आवाज असा खाली आणला की आम्ही सगळे टेबलावर पुढे वाकलो. शेवटी भाकऱ्यांच्या टोपलीवर फडकं टाकत म्हणाले, "मला ही माझ्या आधीच्या खानसामानं सांगितली." तेव्हापासून वाटतंय की या गोष्टी कुठेतरी एकत्र लिहून ठेवल्या पाहिजेत, कारण हे बंगले एकेक करून पाडले जातायत.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. डाक म्हणजे टपाल. कंपनी सरकारच्या काळात टपाल टप्प्याटप्प्याने माणसं आणि घोडे बदलत पुढे जायचं, आणि त्याच रस्त्यांवर प्रवाशांच्या मुक्कामासाठी हे बंगले उभे राहिले. दोन-तीन खोल्या, भोवती व्हरांडा, मागे वेगळं स्वयंपाकघर, एक खानसामा, एक चौकीदार. भाडं नोंदवहीत लिहायचं. चोवीस तास झाले आणि नवा प्रवासी आला, तर आधीच्याने खोली सोडायची असा नियम होता. म्हणजे या खोल्यांत कोणी कधी मुरलंच नाही. शेकडो माणसं एकेक रात्र झोपून गेली. आजारी पडलेली, वाट चुकलेली, विलायतेहून पत्राची वाट बघणारी. गोष्टी साठायला याहून चांगली जागा कुठली? स्वातंत्र्यानंतर यातले कितीतरी सरकारी विश्रामगृहं झाले.

भुतं असतात की नसतात हा वाद इथे नको, त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. फक्त स्वतःचा अनुभव लिहा, मित्राच्या मामेभावाचा नको. आणि गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली ते जरूर लिहा. मला त्यात सगळ्यात जास्त रस आहे.

* * *

मी सुरुवात करते. माथेरान. लहानपणी दर मे महिन्यात आजीबरोबर आम्ही एका जुन्या पारशी वळणाच्या लॉजमध्ये जायचो. नेरळहून छोटी गाडी. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली ही दोन फुटी रुळांची गाडी डोंगराला वळसे घालत जाते, आणि आम्ही प्रत्येक वळणावर ओरडायचो. वर मोटारी नाहीत. त्यामुळे रात्र झाली की जी शांतता पडते ती मुंबईच्या मुलांना सहन होत नाही. कान स्वतःच आवाज शोधायला लागतात.

आम्हाला ऐकू यायच्या टापा. लाल मातीवर घोड्याच्या टापा मऊ वाजतात, थप् थप् थप्. रात्री खोलीच्या मागून जायच्या आणि दरीकडे जाऊन थांबायच्या. परत कधीच यायच्या नाहीत. लॉजवरचे काका सांगायचे, तो शिकारीवरून उशिरा परतणारा गोरा साहेब, त्याला कड्याची कड दिसली नाही. त्याच्या मागे जो कोणी जाईल त्यालाही दिसणार नाही.

मोठी झाल्यावर कळलं की घोडेवाले रात्री घोडी चरायला मोकळी सोडायचे. परत येताना ती गवतातून यायची, म्हणून ऐकू यायची नाहीत. मी काकांना हे विचारलं तेव्हा ते फार म्हातारे झाले होते. म्हणाले, "बाळ, त्या वाटेला तेव्हा कठडा नव्हता. तुम्ही नऊ पोरं होतात. मी कितींना धरून ठेवणार होतो?"

मी आता माझ्या मुलीला घेऊन जाते. कठडा आहे. तरी तिला ती गोष्ट सांगितली आहे.

* * *

आंबोली, जुलै. वय वीस. कॉलेजच्या पाच मुली आणि एक बाई, सावंतवाडीहून घाट चढून एका जुन्या विश्रामगृहात मुक्काम. पहाटे पाचला जाग आली ती शिळेने. पक्ष्याची किलबिल नव्हे, माणूस कामाला जाताना मनाशी वाजवतो तशी संथ, भटकत जाणारी शीळ. मध्येच सूर विसरल्यासारखी थांबायची, मग भलत्याच ठिकाणाहून सुरू व्हायची. बाहेर धुकं आणि ओढ्याचा आवाज. आम्ही पाचही जणी एका पलंगावर.

सकाळी चौकीदार आजोबांना विचारलं तर म्हणाले, देवचार. सिंधुदुर्गातल्यांना सांगायला नको, देवचार म्हणजे भिववणारं भूत नाही. तो गावाच्या शिवेचा राखणदार, रात्रभर काठी वाजवत फेरी मारतो. आजोबांनी विडी ओढायच्या आधी एक विडी उंबऱ्यावर ठेवली होती ती मी बघितली.

पुढे मी पक्षिनिरीक्षणाला लागले आणि एका शिबिरात तीच शीळ ऐकली. शीळकरी कस्तूर. निळा-काळा, ओढ्याकाठी राहतो, पावसाळ्यात विणीच्या दिवसांत उजाडायच्या आधी गातो. मला इतका आनंद झाला की त्याच वर्षी आंबोलीला जाऊन आजोबांना फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "पक्षी आसा ता म्हायत आसा माका. पण तेका शीळ कोणी शिकयली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. त्यानंतर मी मुक्कामाला गेले की एक विडी घेऊन जाते.

* * *

वरचे दोन्ही अनुभव वाचून डोळे भरून आले. मी बांधकामातला माणूस, आता निवृत्त. नोकरीच्या निमित्ताने राज्यातल्या अनेक विश्रामगृहांत एकटा झोपलोय. एक गोष्ट नोंदवतो.

जुन्या बंगल्यात वरून चालण्याचा आवाज येतो असं जवळजवळ सगळे सांगतात. छपराला सागाचे वासे आणि त्यावर मंगलोरी कौलं असतात. (बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात पहिला कारखाना काढला, त्यानंतर ही कौलं रेल्वेबरोबर सगळीकडे पोचली.) दिवसभर तापलेलं छप्पर रात्री निवतं तेव्हा लाकूड आणि कौल वेगवेगळ्या मापाने आकसतात. एक सांधा टक् करतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. आढ्यापासून वळचणीपर्यंत ओळीने. खाली झोपलेल्याला वाटतं की कोणीतरी सावकाश चालत गेलं. त्यात छताच्या पोकळीत उदमांजर राहत असेल तर धावपळही होते, आणि गव्हाणी घुबडाचं जोडपं असेल तर ते जे फुत्कारतात आणि किंचाळतात त्याला तोड नाही. मेळघाटात कोलकासला एकदा मी स्वतः मध्यरात्री टॉर्च घेऊन बाहेर पळालोय. खाली सिपना नदी, वर चांदणं, आणि छपरावर पांढऱ्या तोंडाचं घुबड माझ्याकडे बघत होतं.

हे सगळं मला ठाऊक आहे. पण कुठल्याही चौकीदाराला मी हे कधी समजावून सांगितलं नाही. माझी ती एक रात्र असायची, त्यांची रोजची.

* * *

महाबळेश्वर. हा अनुभव मनोरंजनासाठी लिहीत नाही, कृपया शेवटपर्यंत वाचा.

डिसेंबरची कडाक्याची थंडी. एक जुना बंगला, हॉटेल केलेला, नाव देत नाही. मी, नवरा आणि सासूबाई. खोलीत गारठा म्हणून कोळशाची शेगडी मागवली आणि खिडक्या-दारं घट्ट लावून झोपलो. मध्यरात्री सासूबाई म्हणाल्या, "पायाशी कोण उभं आहे?" मी डोळे उघडले तर मलाही दिसलं. काळपट, उंच, हलत नव्हतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, हात उचलवेना, कानात घंटा वाजत होत्या. नवऱ्याला हाक मारली तर तो ऊं म्हणून परत झोपला. सासूबाई देवीचं नाव घेत कशाबशा उठल्या आणि पळून जायला म्हणून दार उघडलं. म्हणून आज आम्ही तिघं आहोत.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. कोळसा जळताना बंद खोलीत साचतो, वास येत नाही, रंग नाही. डोकं दुखतं, भीती दाटते, भास होतात, आणि मग माणूस झोपेतच जातो. विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १९२१ साली वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिगत छापली होती. नव्या घरात गेल्यापासून त्यांना पावलं ऐकू यायची, माणसं दिसायची, कुंड्यांतली झाडं मरायची. घर तापवायची भट्टी बिघडलेली निघाली, ती दुरुस्त झाली आणि सगळं थांबलं.

जुन्या बंगल्यात राहा, गोष्टी ऐका, पण पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. दोघांना एकदम भूत दिसलं तर आधी दार उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

* * *

ताई, हे वाचून हात थरथरले. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

एक प्रश्न मनात आला तो लिहितो. या सगळ्या गोष्टींत भूत नेहमी साहेब किंवा मडमेचंच का असतं? मसुरीच्या सॅव्हॉय हॉटेलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९०२ साली सुरू झालेलं ते हॉटेल. १९११ मध्ये तिथे फ्रान्सेस गार्नेट-ऑर्म नावाची बाई खोलीत मृतावस्थेत सापडली, विषाने. मृतात्म्यांशी बोलण्याचा तिला नाद होता. मैत्रिणीवर खटला झाला, ती निर्दोष सुटली, आणि ती बाई अजून व्हरांड्यांतून फिरते असं सांगतात. तिचं नाव, साल, खोली, सगळं शिल्लक राहिलं.

आणि आपल्या महाबळेश्वरला? तिथे ब्रिटिशांनी समुद्रापलीकडच्या वसाहतींतून चिनी कैदी आणून ठेवले होते. त्यांनी भाज्यांचे मळे फुलवले, वेताच्या टोपल्या विणल्या. इतक्या लांब आणून सोडलेली माणसं, कितीतरी इथेच मेली असतील. त्यांच्यातलं एकही भूत मी कुठल्या बंगल्यात ऐकलं नाही. रात्रभर दोरी ओढून पंखा हलवणाऱ्याचंही नाही. कोणी ऐकलं असेल तर लिहा, मनापासून वाट बघतोय.

* * *

पाचगणी. माझे मिस्टर गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. लग्नानंतर आम्ही जिथे गेलो होतो त्याच बंगल्यात मी मुद्दाम एकटी जाऊन राहिले. बाहेर तेच सिल्व्हर ओक, तोच लाकडी जिना. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की पूर्वेच्या खोलीत रात्री खुर्ची आपोआप डुलते. त्या वेळी आम्ही हसलो होतो. या खेपेला मी तीच खोली मागून घेतली.

रात्रभर दिवा लावून बसले. खुर्ची डुलली नाही. कोणी आलं नाही. पहाटे खालच्या रस्त्याने दूधवाला गेला.

सकाळी चहा आणणाऱ्या मुलाला विचारलं, इथे काही दिसतं म्हणतात ना? तो म्हणाला, "नाही बाई, तसलं काही नाही, बिनधास्त राहा." मी घाबरले असेन असं त्याला वाटलं.

* * *

सगळे अनुभव वाचले. मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एका घाटातल्या विश्रामगृहावर चौकीदार होते. मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. मी तिथेच मोठी झाले.

आमच्याकडे मडम होती. कंदील हातात घेऊन पश्चिमेच्या व्हरांड्यात फिरायची, तिचं मूल तापाने गेलं होतं. आबांनी ही गोष्ट आम्हा भावंडांना कधी सांगितली नाही, आम्ही ती पाहुण्यांच्या तोंडून ऐकली. रात्री साहेब लोकांची जेवणं झाली, कोणी विचारलं, "इथे काही आहे का हो?", की आबा आधी नाही म्हणायचे. दोनदा नाही म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारलं की सांगायचे. आम्ही दाराआड बसून ऐकायचो. आम्हाला तिची भीती वाटत नसे. ती घरातलीच होती. आई तर पावसात दिवे गेले की म्हणायची, आता बाईचा कंदील मागा.

पावसाळ्यात पाहुणे नसायचे. शाळेसाठी आई आम्हाला घेऊन खाली गावात राहायची आणि आबा चार महिने वर एकटे. छप्पर गळतंय का बघायचं, गाद्यांना बुरशी लागू द्यायची नाही, रोज एकेक खोली उघडून हवा द्यायची. एकदा मी डबा घेऊन वर गेले तर आबा व्हरांड्यात बसून मोठ्याने बोलत होते. तांदूळ संपत आलेत, खिडकीचं बिजागर मोडलंय, असं काहीबाही. मला बघून गप्प झाले. मीही विचारलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी नव्या मुलाला चार्ज द्यायचा होता. डेड स्टॉक रजिस्टर उघडून एकेक वस्तू दाखवून सह्या झाल्या. खुर्च्या बारा. लोखंडी खाटा चार. कंदील सहा, पैकी दोन फुटके. पितळी घंटा एक. साहेब सही करून निघून गेले. मग आबा त्या मुलाला पश्चिमेच्या व्हरांड्यात घेऊन गेले. मी सामान बांधत होते, ऐकू येत होतं. कुठल्या खांबापाशी ती थांबते, कंदील कुठल्या हातात, मुलाचं वय किती, पाहुण्यांनी किती वेळा विचारल्यावर सांगायचं.

मुलगा हुशार होता. खिशातून वही काढून लिहून घ्यायला लागला. आबांनी हात पुढे करून ती वही मिटली. "हे लिहायचं नाही," म्हणाले. "परत ऐक." आणि पहिल्यापासून सांगायला लागले.