मदत हवी आहे: ताम्हिणीचे व्हिडिओ लोक अर्ध्या मिनिटात का सोडतात?

मंडळी, पुण्यातलं मराठी बाइकचं यूट्यूब चॅनल आहे. थंबनेलवर क्लिक बरे येतात, पण रिटेन्शनचा (प्रेक्षक किती वेळ टिकतात त्याचा) आलेख पहिल्या 30 सेकंदांतच कोसळतो. सुरुवातीचा ड्रोन शॉट आणि 'नमस्कार मित्रांनो' काढून थेट घाटातलं वळण टाकलं, तरी फरक किरकोळ.

संशय आवाजावर आहे. कॅमेरा हेल्मेटच्या हनुवटीवर, कॉलर माइक आत चिनबारच्या (हेल्मेटच्या हनुवटीसमोरच्या भागाच्या) पॅडिंगमागे, वर फोमची टोपी. चांदणी चौक ते पिरंगुट ट्रॅफिकमुळे वेगच नसतो, तिथे बोलणं स्वच्छ. पुढे 60 च्या वर गेलं की नुसती घरघर. 100 हर्ट्झखालचा आवाज कापून झाला, पण मुळात वाऱ्याने माइकच क्लिप होत असेल, म्हणजे रेकॉर्डिंगमध्येच आवाज फाटत असेल, तर एडिटिंगमध्ये काय कपाळ सुधारणार! गेन (माइकची रेकॉर्डिंग पातळी) आणखी खाली आणू, फोमऐवजी फरचं कव्हर लावू, की सरळ घरी बसून व्हॉइसओव्हर करू?

दुसरं, शॉर्ट्स. शॉर्ट्स फीडमधला वॉच टाइम मॉनेटायझेशनसाठी (चॅनलवर कमाई सुरू व्हायला) लागणाऱ्या 4000 तासांत धरत नाहीत, ते ठीक. पण शॉर्टला मोठा व्हिडिओ 'रिलेटेड' म्हणून जोडला, तर प्रेक्षक खरंच तिकडे वळतात का? ज्यांनी करून पाहिलंय त्यांनीच सांगा. 'सातत्य ठेवा' सोडून काहीही चालेल.