अनुभव धागा: वाडा पाडताना, भिंत फोडताना सापडणारे पैसे

जुनी_इंदूर
आज इंदूरच्या मल्हारगंजात एका वाड्याचा मलबा ट्रॉलीत भरताना दिसला. कोनाड्याच्या चौकटीसकट भिंतीचा अख्खा लोंबता तुकडा तसाच गेला. आपल्याकडच्या घरांत पैसे कुठे कुठे ठेवत, ते सगळं एकदम आठवलं. कोनाड्याची मागची फळी, देवघराखालची फरशी, जात्याची बैठक, जिन्याची सगळ्यात खालची पायरी, धान्याच्या बळदाचा तळ, तुळई भिंतीत शिरते तिथली खाच. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी नीट लिहा. गल्लोगल्ली पाडकाम चालू आहे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

चुनासुर्खी
आधी मोजा, मग फोडा. एकाच भिंतीतल्या दोन कोनाड्यांची खोली टेपने घ्यायची. एक नऊ इंच आणि शेजारचा सहा भरला, तर मधले तीन इंच कुठे गेले ते बघायचं. मग लाकडी हातोडीने हलकं ठोकून आवाज ऐकायचा. भरीव भिंत ठस्स वाजते, पोकळ डबडब वाजते.
शंका आली की ८ मिमीचं भोक. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवायचा, नाहीतर आतलं मडकं तडकतं. फोनला जोडायचा वायरीचा कॅमेरा साडेपाच मिमीचा येतो, तो भोकातून आत जातो. त्याआधी त्या भिंतीची लाइट मेनवरून बंद!
आणि कोनाड्यावरचा लाकडी पाट वाळवीने खाल्लेला असतो, त्याच्यावर वरची भिंत उभी असते. दोन्ही बाजूंना टेकू दिल्याशिवाय एक वीटही काढू नका. पैशाच्या नादात माणूस खाली सापडतो.

मालवा_ताई
मेटल डिटेक्टर भाड्याने आणावा का दादा?

चुनासुर्खी
ताई, जुन्या भिंतीत खिळे, कड्या, बिजागऱ्या इतक्या असतात की तो सतत ओरडत राहतो. भिंतीचे छोटे डिटेक्टर खोलवर बघतही नाहीत, आणि जुनी भिंत दीड-दोन फुटांची. टेप आणि हातोडी पुरे.

खजराना_वाले
मलब्याचं कुणी लिहिलं नाही. रेती चाळायची तिरपी जाळी असते ना, ती पाव इंची घ्या. चांदीचा रुपया साधारण ३० मिमीचा, दोन आण्याचं चांदीचं नाणं त्याच्या निम्मं, दोन्ही वर राहतात. ओल्या चुन्याचे गोळे हाताने फोडून बघा, नाणं त्यात लाडवातल्या बेदाण्यासारखं दडून बसतं. ट्रॉली भरायच्या आधी चाळा, गेल्यावर नाही.

नाणेवेडा_सराफा
सापडल्याबरोबर घासू नका, एवढं हात जोडून सांगतो. लिंबू, चिंच, पितांबरी, टूथपेस्ट, काही नको. घासलं की अक्षरांची धार जाते, वरचा काळसर थर जातो आणि नाणं फक्त धातूच्या भावाचं उरतं. चुना चिकटला असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, रोज पाणी बदला, सुटेल तेवढाच थर लाकडी टूथपिकने काढा. टिपायचं, पुसायचं नाही.
ओळख अशी: ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा निकेलचा, चुंबकाला चिकटतो. चांदी चिकटत नाही, म्हणून खिशात चुंबक ठेवा.
होळकरांचं असेल तर मल्हारनगर टांकसाळीच्या नाण्यांवर सूर्याचा चेहरा, आणि अहिल्याबाईंच्या काळच्या महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग-बेलपान. ते वितळवायला कुणी मागितलं तर देऊ नका.

रेखाकाकू
तांब्याची भांडी तर चिंचेनेच लख्ख होतात रे बाळा.

नाणेवेडा_सराफा
काकू, भांडं उजळवायचं असतं, नाणं वाचायचं असतं. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, ओलीमुळे ती वाढत जाते. डबीत सिलिका जेल टाका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं तर हिरवा चिकट थर येतो, त्यापेक्षा कागदी पाकीट बरं.

बडोद्याची_सून
आमच्याकडे दांडिया बाजारच्या जुन्या घरांत तांब्याचे गायकवाडी पैसे निघतात, घोड्याचा खूर आणि तलवार असलेले. इंदूरकरांनो, कुणाकडे आले तर फोटो टाका गं.

कायदा_तिसरा_मजला
१८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीशी जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडवलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, अंदाजे किती, कुठे, कधी. लपवलं तर शोधणाऱ्याचा हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद.
पण घरच्यांसाठी कामाची गोष्ट ही: तुमच्याच पूर्वजांनी गेल्या १०० वर्षांत ठेवलेलं दिसलं, तर ते तुमच्याकडे येतं. म्हणून फडकं, मडकं, गुंडाळलेलं वर्तमानपत्र फेकू नका. त्यावरची तारीख हाच पुरावा. हात लावायच्या आधी जागेवरच फोटो, शेजारी टेप ठेवून.
हक्कदार कुणीच नसेल आणि आधी काही ठरलं नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सापडवणारा म्हणजे बहुतेक वेळा मिस्त्री किंवा बेलदार! काम सुरू व्हायच्या आधी ठेकेदाराबरोबर कागदावर लिहून घ्या, आणि त्यात मजुराचा वाटा मनापासून ठेवा. छन्नी त्याच्या हातात असते.

पोहे_जिलेबी_५६
नोटांचं काय? गादीत, ट्रंकेत त्याच जास्त निघतात.

बँक_निवृत्त
ओलसर गठ्ठा सोलू नका. ड्रायर नको, ऊन नको. दोन टिपकागदांमध्ये, पंख्याखाली, वर हलकी वही. रबरबँड वितळलेला असेल तर ओढू नका, कापा.
५० आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० ला निम्मे, ४० च्या खाली काही नाही. २० पर्यंतच्या नोटेला अर्ध्याहून जास्त लागतो. जळालेली किंवा एकमेकींना चिकटून वीट झालेली नोट शाखा घेत नाही, ती थेट रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात, आपल्याला भोपाळ.
२००० ची सापडली तर भोपाळला नेता येते, पोस्टाने पाठवूनही खात्यात जमा करता येते. २०१६ पूर्वीच्या ५००-१००० च्या मात्र गेल्याच. त्या दहाहून जास्त जवळ ठेवू नका, गुन्हा आहे. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत. चार आणे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चालत नाहीत, आठवण म्हणून ठेवा.

रेखाकाकू
आणि उंबरठ्याखाली सुपारी, हळकुंड, एखाददुसरं नाणं निघालं तर ते वास्तूचं आहे. नव्या उंबरठ्याखाली परत ठेवा बरं का.

मालवा_ताई
काकू 🙏 हे मिस्त्रीला आधीच सांगून ठेवायला हवं.

खजराना_वाले
विषय निघालाच आहे तर, सागवानी तुळया कुणी घेतं का? आठ आहेत, बारा फुटी.

चुनासुर्खी
घेतात, पण आधी खिळे काढा. पुसायचं जुनं फडकं लाकडावरून फिरवा, अडकेल तिथे खिळा. आरा मशीनचं पातं तुटलं की मिलवाला पुढचं लाकूड घेत नाही. टोकं भिंतीत असतात तिथे कूज बघा, पेचकस टोचून. अर्ध्या इंचाहून आत गेला तर तेवढं टोक कापूनच विका. आणि त्या खाचा चाळल्यात ना?

खजराना_वाले
चार झाल्या. चार उद्या.